सीआरटी बसवूनही धाप कमी नाही, इको लावून मशीनची वेळ जुळवून घ्यावी का?

सावईची_लेक

बाबांच्या पेसमेकरबद्दल विचारायचे आहे. थोडे लांबेल, पण सगळे सांगितले म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपे जाईल.

बाबा ६७ वर्षांचे. सावई-वेऱ्याला आमचे कुळागर आहे आणि अनंताच्या देवळात भजनाला पखवाजावर बाबाच बसतात. गेल्या वर्षी शिगम्याच्या सुमारास त्यांना धाप लागायला लागली. आधी वाटले, वय झाले. मग रात्री आडवे पडले की खोकला, संध्याकाळी पाय सुजलेले. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या, पण इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा कप्पा मोठा झालेला आणि पंपिंग (दर ठोक्याला डावा कप्पा आतल्या रक्तातला जेवढा वाटा बाहेर ढकलतो तो) २५ टक्के. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे डाव्या कप्प्याकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत अडथळा, आणि क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरायला लागणारा वेळ, १६० मिलिसेकंद. डॉक्टरांनी औषधे हळूहळू पूर्ण डोसपर्यंत नेली, काही महिन्यांनी पंपिंग २७ आले. मग तीन तारांचा पेसमेकर, म्हणजे सीआरटी, बसवायचे ठरले आणि चवथ झाल्यावर एका खासगी इस्पितळात तो बसवला.

सुरुवातीला बाबांना खरोखरच हलके वाटले. पण डाव्या बाजूला बरगडीखाली सारखे फडफडायचे, उचकीसारखे, डाव्या कुशीवर झोपले की जास्तच. ते सांगितल्यावर पेसमेकर कंपनीचा माणूस आला, त्याने त्याच्या यंत्रावर काही बदल केला आणि फडफड थांबली. त्यानंतर मात्र धाप हळूहळू परत आली. कुळागरातून घराकडे येणाऱ्या पायऱ्या चढताना थांबावे लागते. भजनाला जातात, पण अभंग अर्ध्यावर आला की हात खाली येतात आणि दुसरा कुणीतरी पखवाज ओढून घेतो. ते बघवत नाही.

आता डॉक्टर म्हणतात, इको लावून मशीनची वेळ जुळवून बघू. त्यात पुण्याचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला की मशीन बसवण्याआधीच इकोवर डिसिंक्रोनी, म्हणजे हृदयाच्या भिंती एकाच वेळी न आवळणे, मोजायला हवी होती. ती आमच्या रिपोर्टात कुठेच नाही, म्हणजे नको त्या माणसाला मशीन बसवले. आईने हे ऐकल्यापासून जेवण टाकले आहे.

खरेच आधी ते मोजायला हवे होते का? आणि आता वेळ जुळवून काही फायदा होतो, की नुसता आणखी खर्च?

फोंड्याचा_मास्तर

मला स्वतःला सीआरटी आहे. माझ्या मशीनची वेळ कुणी इको लावून जुळवली नाही, आले तसेच चालू आहे आणि मी फोंड्याच्या बाजारात पिशवी घेऊन फिरतो. तुम्ही एक करा. तपासणीला जाल तेव्हा दोन्ही खालचे कप्पे मशीन किती टक्के ठोक्यांना चालवते ते विचारा. माझ्या डॉक्टरांच्या मते ते ९८ टक्क्यांच्या वर हवे. कमी असेल तर मधे दुसरे ठोके येतात आणि मशीनचा उपयोग वाया जातो.

दुसरे म्हणजे मीठ. आपल्याकडे सकाळच्या पेजेबरोबर मिठातले तोर असते, पावसात खारे बांगडे असतात. मला ते सोडायला फार जड गेले, पण सोडल्यावर पायाची सूज उतरली.

बोरीची_इकोवाली

सावईच्या ताई, माझी उमेदीची वर्षे हृदयाच्या इको खोलीत गेली, निवृत्त होऊन आता बोरीला असते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांच्या डोसांवर बोलणार नाही. पण हे मशीन आणि इको यांचा संबंध मी फार जवळून पाहिला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी आईला जेवायला बसवा. पुण्याच्या भावाचे म्हणणे एके काळी आम्हा सगळ्यांनाच पटलेले होते. २००० नंतरच्या दशकात आम्ही हेच करायचो. टिश्यू डॉपलर, म्हणजे स्नायूच्या हालचालीचा वेग दाखवणारा इकोचा प्रकार, लावायचा, मधला पडदा आणि बाहेरची भिंत यांच्या हालचालीची शिखरे शोधायची, दोघांत ६५ मिलिसेकंद किंवा जास्त अंतर आले की रिपोर्टात डिसिंक्रोनी लिहायची. तर्क सरळ होता. लेफ्ट बंडल ब्लॉकमध्ये पडदा आधी आकुंचन पावतो आणि बाहेरची भिंत मागून. ती आवळते तोवर पडदा सैल पडलेला असतो, रक्त पुढे जायच्या ऐवजी आतल्या आत हेलकावते, मायट्रल झडपही गळते. मग हा उशीर थेट डोळ्यांनी मोजून माणूस निवडावा, हे कुणालाही पटेल.

पण २००८ साली प्रॉस्पेक्ट नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. ५३ केंद्रे, ४९८ रुग्ण, इकोची १२ वेगवेगळी मोजमापे. त्यांतले एकही मोजमाप कुणाला फायदा होईल हे भरवशाने सांगू शकले नाही. त्याहून मला लागलेली गोष्ट म्हणजे तीच चित्रे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी मोजली तर आकडे जुळत नव्हते. हे काम ज्याने हाताने केले आहे त्याला ते लगेच कळते. शिखर कुठे धरायचे यावर कर्सर जरा सरकवला की ४० चे ७० होतात.

म्हणून आज माणूस निवडायचा तो ईसीजीच्या पट्टीवर. औषधे नीट चालू असूनही पंपिंग ३५ टक्के किंवा कमी, लेफ्ट बंडल ब्लॉक, क्यूआरएस १५० किंवा त्याहून रुंद आणि वरच्या कप्प्याचा ताल नियमित असेल, तर सीआरटीची शिफारस ठाम आहे. बाबांचे १६० आहे. त्यांना मशीन बसवणे बरोबरच होते. आईला हेही सांगा की २००५ च्या केअर-एचएफ या ८१३ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या औषधांच्या तुलनेत अशा मशीनने मृत्यूचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झाले होते. हे मशीन लहानसहान नाही. म्हणूनच ते खरोखर काम करते आहे की नाही हे बघायला हवे.

आणि इथे तुमच्या लिहिण्यातल्या एका वाक्यावर मी थांबले. फडफड थांबली आणि नंतर धाप परत आली.

तिसरी तार डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूने एका शिरेत सरकवलेली असते. त्याच भागातून श्वासपटलाची नस खाली जाते. तारेतला झटका त्या नसेला लागला की प्रत्येक ठोक्याला श्वासपटल उडते, तीच ती उचकीसारखी फडफड. त्यावर झटपट उपाय म्हणजे त्या तारेचा व्होल्टेज कमी करणे. पण तो गरजेपेक्षा खाली गेला तर झटका सुटतो आणि स्नायू तो पकडत नाही. मशीनला हे नेहमीच कळते असे नाही, ते आपण दिलेला झटका मोजत राहते. त्यामुळे मास्तर म्हणतात तो ९८-९९ टक्के आकडाही कागदावर छान दिसू शकतो आणि प्रत्यक्षात हृदय फक्त उजव्या तारेवर चाललेले असते. लेफ्ट बंडल ब्लॉकच्या हृदयाला ते मुळीच मानवत नाही.

बाबांचे असेच झाले आहे असे मी इथून म्हणू शकत नाही. पण इकोची वेळ घ्यायच्या आधी हे तपासून घ्या. मशीन चालू असताना पूर्ण बारा लीडचा ईसीजी काढायला सांगा, मॉनिटरवरची एक रेघ पुरत नाही. मग प्रोग्रामरवर, म्हणजे मशीनचे आकडे बदलायच्या यंत्रावर, फक्त उजवी तार, फक्त डावी तार आणि दोन्ही, असे तीन ईसीजी. तिन्ही वेगळे दिसले पाहिजेत. डावी तार पकडत असेल तर साधारणपणे लीड वनमध्ये ठोका खाली जाऊन सुरू होतो आणि व्ही वनमध्ये वर उठतो (या त्या बारांतल्या दोन रेघा). 'दोन्ही' आणि 'फक्त उजवी' सारखेच दिसले तर उत्तर तिथेच मिळाले.

आता वेळ जुळवण्याबद्दल. वरच्या कप्प्याचा ठोका आणि खालच्या कप्प्यांचा ठोका यांच्यात मशीन काही मिलिसेकंद थांबते. इकोवर आम्ही मायट्रल झडपेतून आत येणाऱ्या रक्ताच्या दोन लाटा पाहतो. पहिली ई, कप्पा सैल होताना आपसूक भरतो ती. दुसरी ए, वरचा कप्पा शेवटचा जोर लावतो ती. मशीनचा हा थांबा फार लहान ठेवला तर ए लाट पुरी व्हायच्या आत झडप बंद होते, शेंडा कापल्यासारखा दिसतो. फार मोठा ठेवला तर दोन्ही लाटा एकमेकींवर चढतात, भरायला वेळ उरत नाही, कधी झडप उलटीही गळते. आम्ही थांबा लांब ठेवून सुरुवात करायचो, २० मिलिसेकंदांनी कमी करत ए कापली जाईपर्यंत यायचो आणि मग १० नी मागे जाऊन ती पुरी दिसली की थांबायचो. नंतर महाधमनीकडे जाणाऱ्या प्रवाहाचे मोजमाप घेऊन उजव्या-डाव्या तारांमध्ये थोडा फरक ठेवून काही वाढते का ते पाहायचे.

सगळ्यांचे हे करावे का? नाही. २०१० च्या स्मार्ट-एव्ही चाचणीत ९८० रुग्णांत इकोने जुळवलेली वेळ, मशीनच्याच गणिताने काढलेली वेळ आणि सरसकट १२० मिलिसेकंद यांची तुलना केली. सहा महिन्यांनी डाव्या कप्प्याच्या आकारात फरक नव्हता. मास्तरांना कुणी इको न लावताही बरे वाटते, त्यात नवल नाही. पण ज्याला मशीन लावूनही गुण येत नाही त्याची गोष्ट वेगळी. क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये अशाच ७५ रुग्णांचा अभ्यास मांडला. जवळपास निम्म्यांत वरच्या-खालच्या कप्प्यांची वेळ चुकलेली होती. शिवाय अनियमित ठोके, रक्त कमी असणे, डाव्या तारेची जागा बरोबर नसणे, अशी कारणे एकेका माणसात दोन-दोन तीन-तीन सापडली. तुमचे बाबा या गटात बसतात, म्हणून मी म्हणेन, करून घ्या. आधी ईसीजी, मग हिमोग्लोबिन आणि लोह, आणि मग इको.

एक आग्रहाची गोष्ट. इको करणारा आणि प्रोग्रामर हाताळणारा एकाच वेळी एकाच खोलीत हवेत. सकाळी इको, दुपारी कंपनीचा माणूस येऊन आकडे बदलून गेला, हे जुळवणे नव्हे. पाऊण तास तरी लागतो, तेवढा वेळ मागून घ्या, भीड धरू नका. दुसरीकडे दाखवायचे असेल तर बांबोळीला सुपरस्पेशालिटीत कार्डिओलॉजी विभाग आहे, तिथे आधी चौकशी करा. मशीनचे कार्ड मात्र बरोबर न्या, कारण प्रत्येक कंपनीचा प्रोग्रामर वेगळा असतो आणि तो खोलीत नसेल तर फेरी फुकट जाते.

डिचोलीचा_भाऊ

ताई, याच धाग्यावर विचारतो. माझा धाकटा भाऊ ५२ वर्षांचा, पंपिंग ३० टक्के. ईसीजीत क्यूआरएस १०८ आहे, ब्लॉक नाही. पण त्याच्या इको रिपोर्टात डिसिंक्रोनी आहे असे स्पष्ट लिहिले आहे आणि एके ठिकाणी आम्हाला सीआरटी बसवा म्हणून सांगितले. तुमचे वाचून गोंधळलो. इकोत दिसते तरी बसवू नये का?

बोरीची_इकोवाली

भाऊ, बरे केलेत विचारलेत. घाई करू नका.

नेमका हाच प्रश्न इकोसीआरटी या चाचणीने विचारला होता, निकाल २०१३ चा. क्यूआरएस १३० पेक्षा कमी, पंपिंग ३५ किंवा कमी आणि इकोवर डिसिंक्रोनी, असे ८०९ रुग्ण. मशीन सगळ्यांना बसवले, पण अर्ध्यांचे चालू ठेवले आणि अर्ध्यांचे सीआरटी बंद. चाचणी मधेच थांबवावी लागली. चालू असलेल्या ४०४ जणांत ४५ मृत्यू झाले, बंद असलेल्या ४०५ जणांत २६. म्हणजे फायदा राहिला बाजूला, अपायच दिसला. ज्या हृदयात विजेचा रस्ता धड आहे तिथे बाहेरून तारांनी ठोके दिले तर आपणच तो ताल मोडतो. तेव्हापासून १३० पेक्षा अरुंद क्यूआरएसला, केवळ हृदय कमजोर आहे म्हणून, सीआरटी बसवू नये असे युरोपची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. इको रिपोर्टातल्या त्या एका शब्दावर छातीत मशीन जाऊ देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

फक्त एक नीट विचारून घ्या. त्यांना सीआरटी म्हणायचे होते की आयसीडी? आयसीडी म्हणजे जीवघेणा ठोका आला तर शॉक देणारे मशीन, त्याची गरज वेगळ्या हिशेबाने ठरते आणि ५२ व्या वर्षी ३० टक्के पंपिंगला तो विषय निघू शकतो. आणि हृदय कमजोर असणाऱ्यांना देतात ती चारही गटांची औषधे भावाला चालू आहेत का, पुरेसे महिने दिली का, हेही दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवून विचारा. औषधांनीच पंपिंग ३५ च्या वर गेलेली माणसे माझ्या टेबलावर मी पाहिली आहेत.

फोंड्याचा_मास्तर

टक्क्यांचा आकडा चांगला दिसूनही तार पकडत नसेल हे मला ठाऊक नव्हते. पुढच्या तपासणीला मीही बारा लीडचा ईसीजी मागतो. ताई, इकोने निवड करायची नाही म्हणता, मग मशीन बसवताना तरी इकोचा उपयोग असतो का? माझ्या वेळी डॉक्टर म्हणाले होते की भिंतीचा कुठला भाग मेलेला आहे ते बघून तार ठेवतो.

बोरीची_इकोवाली

मास्तर, तिथे इको कामाचा आहे. झटका जर व्रण झालेल्या जागी दिला तर तो पसरत नाही. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये टार्गेट नावाची २२० रुग्णांची चाचणी झाली. स्पेकल ट्रॅकिंगने, म्हणजे इकोच्या चित्रातल्या ठिपक्यांची हालचाल मोजून, सर्वांत उशिरा आकुंचन पावणारा, पण जिवंत असलेला भाग शोधून तिकडे तार न्यायची. ज्यांत असे केले त्यांतल्या ७० टक्क्यांना गुण आला, नेहमीच्या पद्धतीत ५५ टक्क्यांना. पण इकोने जागा दाखवली तरी तिथे शीर असायला हवी, नाहीतर तार जाणार कशी? हल्ली शीर मिळाली नाही तर काही डॉक्टर मधल्या पडद्यात खोल स्क्रू करून थेट डाव्या बंडललाच ठोका देतात. ती पद्धत आशादायक आहे, मोठ्या चाचण्या चालू आहेत.

नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या दोन खुणांवर मात्र माझा अजून विश्वास आहे. ठोका सुरू होताच पडदा चटकन आत उडतो आणि परत फिरतो, ती एक. कप्प्याचे टोक इकडून तिकडे डोलते, ती दुसरी. ज्यांच्यात या दिसायच्या त्यांना मशीनने बहुधा गुण यायचा. पण त्या असतात बंडल ब्लॉक असणाऱ्यांतच, म्हणजे पट्टीनेच आधी सांगितलेले असते.

सावईची_लेक

सगळ्यांचे, विशेषतः बोरीच्या ताईंचे आभार. काय झाले ते लिहिते.

डॉक्टरांना बारा लीडच्या ईसीजीबद्दल विचारले, त्यांनी मुळीच वाईट मानले नाही, लगेच काढला. 'दोन्ही' आणि 'फक्त उजवी' ही दोन पाने शेजारी ठेवली तेव्हा मला अडाण्यालाही ती सारखीच दिसली. डावी तार पकडत नव्हती. तारेच्या टोकाकडे चार जागा आहेत म्हणे, त्यांतली दुसरी जोडी निवडून व्होल्टेज वाढवला. फडफड होते का ते बघायला बाबांना डाव्या कुशीवर झोपवले, दीर्घ श्वास घ्यायला लावला, खोकायला लावले. काही झाले नाही. लगेच क्यूआरएसही अरुंद झाला.

त्यानंतर इको, दोघेही एकाच खोलीत. थांबा १०० वर होता आणि ए लाट कापली जात होती. तो १४० वर ठेवला. महाधमनीकडच्या प्रवाहाचा आकडा १३ वरून १६ झाला, झडपेची गळतीही मध्यमवरून सौम्य लिहिली आहे. उजव्या-डाव्या तारांमधला फरक बदलून बघितला, काही मिळाले नाही म्हणून तसाच ठेवला. हिमोग्लोबिन ९.८ निघाले, लोहही कमी, त्याचे इंजेक्शन चालू केले आहे.

बाबा आता पायऱ्या एका दमात चढतात असे नाही, पण रात्री एका उशीवर झोपतात. आई जेवते. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पंपिंग पुन्हा कधी मोजायचे? आणि बाबांना कुळागरात ब्रशकटर चालवायचा आहे, चालेल का?

बोरीची_इकोवाली

किती बरे वाटले वाचून! १३ चे १६ हे चांगले आहे, पण ते त्या क्षणाचे. हृदयाचा आकार उतरायला महिने लागतात, म्हणून पुढचा इको सहा महिन्यांनी, तोही शक्यतो त्याच मशीनवर, त्याच माणसाकडून. पंपिंगचा आकडा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की पाच टक्के सहज इकडेतिकडे होतो, तेव्हा २७ चे ३० आले म्हणून हुरळू नका आणि २५ आले म्हणून घाबरू नका. रिपोर्टात डाव्या कप्प्याचे आकुंचनानंतरचे आकारमान मिलिलिटरमध्ये लिहून मागा. ते १५ टक्के किंवा अधिक उतरले तर मशीनने काम केले असे आम्ही धरायचो. मशीन बसवण्याआधीचा इको शोधून ठेवा, तुलना त्याच्याशी करायची आहे.

ब्रशकटरचे डॉक्टरांना विचारूनच. ते हो म्हणाले तरी चालू इंजिन छातीपासून हातभर लांब राहील असा पट्टा हवा, आणि गरगरल्यासारखे वाटले तर लगेच खाली ठेवून दूर व्हायचे. मोबाईल डाव्या खिशात नको. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, पेज घ्यायच्या आधी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी आहे, धाप लागायची वाट न बघता फोन करा.

पखवाज मांडीवर घेऊन वाजवायला हरकत नाही. खांदा आता भरून आला असेल. सहा महिन्यांचा रिपोर्ट आला की आकडे इथे टाका, मी बघते.